जुने लष्करी रायफल स्कोप: असली की नक्कल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण १९३० ते १९८० या काळात सैन्यासाठी बनलेल्या रायफल-दुर्बिणींबद्दल आहेत. स्कोप रायफलवर बसवलेला असेल, तर रायफल रिकामी आहे ही खात्री स्वतःच्या हातांनी करून घ्या आणि मगच बाकीचं बघायला लागा.

स्कोप हातात आला की सगळ्यात आधी काय बघायचं?

बहुतेक जण आधी नंबर, शिक्के आणि कारखान्याची खूण बघतात. माझं ठाम मत आहे की अक्षरं सगळ्यात शेवटी वाचावीत. नंबर कोरायला दहा मिनिटं लागतात आणि बनावट माल विकणारा सगळी मेहनत तिथेच घेतो. जुन्या पद्धतीची लेन्स, जुन्या पद्धतीची आतली यंत्रणा आणि कित्येक वर्षांच्या वापराची खरी झीज तयार करणं मात्र महाग पडतं, म्हणून तिथे कोणी फारसं लक्ष देत नाही. तेव्हा आधी वजन आणि धातू, मग काच, मग ड्रम (नेम जुळवायची फिरती गोल टोपी) फिरवल्यावर आत काय हलतं ते, त्यानंतर वरचा काळा मुलामा आणि सगळ्यात शेवटी शिक्के, असा क्रम ठेवा. या सगळ्यांनी एकाच काळाची साक्ष दिली पाहिजे. एक जरी वेगळं बोलत असेल, तर ते का, याचं उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

नक्कल म्हणजे फसवणूकच का?

नाही. काही कंपन्या उघडपणे, स्वतःचं नाव घालून प्रतिकृती बनवतात. अमेरिकेतल्या हाय-लक्सने जुन्या एम ८२ सारखा स्कोप स्वतःच्या नावाने विकायला काढला, त्यात लपवाछपवी काहीच नाही. गडबड सुरू होते ती कोणी ते नाव घासून त्या जागी १९४४ साल कोरतो तेव्हा.

याहून अवघड प्रकार म्हणजे खराखुरा जुना, पण नागरी वापराचा स्कोप घेऊन त्यावर नंतर लष्करी खुणा ठोकलेला. काच जुनी, मुलामा जुना, झीजही खरी, फक्त खूण खोटी. हा प्रकार ओळखायला सगळ्यात कठीण, कारण खाली सांगितलेल्या बहुतेक चाचण्यांतून तो पास होतो. चौथा प्रकार दुरुस्त केलेल्या स्कोपचा: बाहेरची नळी असली, आत नव्या लेन्स किंवा नवं रेटिकल (स्कोपमधून दिसणारी नेमाची खूण). विकणाऱ्याने तसं सांगितलं असेल, तर तो सौदा सचोटीचाच म्हणायचा. त्याची किंमत मात्र पूर्ण असली स्कोपएवढी धरू नये.

लेन्सवरून काळ कसा ओळखायचा?

खोलीत एकच दिवा लावा, स्कोप असा धरा की त्या दिव्याचं प्रतिबिंब पुढच्या लेन्सवर पडेल, आणि स्कोप हळूहळू तिरका करत जा. एकामागे एक अशी लहानमोठी प्रतिबिंबं दिसतील, कारण काचेचा प्रत्येक पृष्ठभाग स्वतःचं प्रतिबिंब देतो. आता त्यांचे रंग बघा.

प्रतिबिंब दिव्यासारखंच पांढरं असेल, तर त्या पृष्ठभागावर कोटिंग नाही. निळसर किंवा जांभळट असेल, तर एकाच थराचं कोटिंग आहे. परावर्तन कमी करणाऱ्या कोटिंगचं पेटंट झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये घेतलं. युद्धाच्या काळात ते हळूहळू लष्करी दुर्बिणींत येत गेलं, पण सगळीकडे एकाच वेळी नाही. प्रतिबिंब गडद हिरवं असेल, किंवा एका लेन्समध्ये हिरवं आणि दुसऱ्यात लालसर असं दिसत असेल, तर ते अनेक थरांचं कोटिंग. ते १९७० च्या दशकापासून रुळलं. १९४३ साल कोरलेल्या स्कोपमध्ये हिरवी चमक दिसली, तर एकतर लेन्स बदलली आहे किंवा अख्खा स्कोपच नवा आहे. तिसरी शक्यता मला तरी दिसत नाही.

उलट बाजूने मात्र घाई नको. पांढरं प्रतिबिंब दिसलं म्हणून स्कोप असली ठरत नाही, बिनकोटिंगची स्वस्त काच आजही मिळते. अशा वेळी लेन्सच्या कडा बघा. त्या काळात दोन काचा चिकटवायला कॅनडा बाल्सम हा झाडाचा डिंक वापरत. जुना झाला की तो पिवळट पडतो आणि कडेपासून सुटू लागतो. सुटलेल्या जागी कडेला इंद्रधनुष्यी पट्टे किंवा फर्नच्या पानासारखी नक्षी दिसते. विकणारा याला खोट समजून माफी मागेल, पण वय तपासणाऱ्यासाठी हा चांगला पुरावा आहे.

ड्रम फिरवला की आतली खूण मध्यातून सरकते. स्कोप खराब आहे का?

खराब नाही, उलट हे चांगलं लक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या कित्येक स्कोपांत, सोव्हिएत पीयूमध्ये आणि ब्रिटिश नंबर ३२ मध्येसुद्धा, ड्रम फिरवला की रेटिकलच जागचं हलतं. त्यामुळे नेमाची टोकदार दांडी दृश्याच्या मध्यापासून वर-खाली किंवा डाव्या-उजव्या बाजूला गेलेली दिसते. म्हणूनच माउंट (स्कोप रायफलवर धरून ठेवणारी बैठक) नीट जुळवून बसवणं तेव्हा फार महत्त्वाचं असायचं. रेटिकल कायम मध्यात आणि हलतं फक्त चित्र, ही रचना युद्धानंतर सर्वसाधारण झाली.

चाचणी सोपी आहे. स्कोप टेबलावर काहीतरी आधार देऊन स्थिर ठेवा, दूरच्या भिंतीवरचा एखादा ठिपका पकडा आणि वरचा ड्रम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. स्कोपवर १९४२ चा शिक्का आहे आणि रेटिकल मात्र बिलकूल मध्य सोडत नाही, असं असेल तर तो स्कोप माझ्या लेखी बाद. रेटिकल सरकलं म्हणून लगेच असली मानू नका, कारण काही नकलांमध्ये जुनीच रचना उतरवलेली असते.

कोरीव अक्षरं खरी की नंतरची, हे कसं कळतं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि टॉर्च बाजूने, अगदी आडवी धरा. आता एकाच अक्षराच्या खाचेत निरखून बघा. जुन्या कोरीवकाम यंत्राची सुई गोल फिरत धातू कापते. खाचेचा तळ त्यामुळे किंचित गोलसर असतो, रेघेची टोकंही गोल असतात आणि तळाशी हत्याराच्या बारीक लाटा दिसतात. ठोकलेल्या शिक्क्यात धातू कापला जात नाही, बाजूला ढकलला जातो, म्हणून अक्षराच्या कडेला बारीकसा उंचवटा हाताला लागतो. लेझरने कोरलेल्या अक्षराची खोली सगळीकडे सारखी असते. तळ जळाल्यासारखा, दाणेदार, आणि रेघ जवळजवळ लावलेल्या ठिपक्यांनी बनलेली दिसते. ॲसिडने उतरवलेलं अक्षर उथळ आणि कडांना पसरलेलं असतं.

यापुढे बघायचं ते काम कोणत्या क्रमाने झालं. नळीवर आडवा जुना ओरखडा असेल, तर तो अक्षराच्या खाचेपाशी तुटून पलीकडे पुन्हा सुरू होतो का? की अक्षरच त्या ओरखड्याला कापत गेलंय? ओरखडा आधीचा आणि अक्षर नंतरचं निघालं, तर ते अक्षर कारखान्यात कोरलेलं नाही. असं दोन-तीन ठिकाणी बारकाईने बघितलं की शंका उरत नाही.

जुनेपणा मुद्दाम आणलेला असतो का?

सर्रास. खरी झीज जिथे हात लागतो, जिथे पट्टा घासतो, जिथे कव्हर बसतं तिथे होते: ड्रमच्या कडा, डोळ्याकडची गोल कड, नळीचा वरचा भाग. माउंटच्या कड्यांखाली मात्र मुलामा बहुधा ताजा राहतो, आणि कड्याच्या काठाने एक रेघ उमटलेली असते. ॲसिड लावून किंवा मातीत पुरून जुन्या केलेल्या वस्तूवर गंजाचे खड्डे सगळीकडे सारखेच पसरतात, कड्यांखालीसुद्धा. विकणारा परवानगी देत असेल, तर एक कडं सैल करून बघा. तिथे बरंच काही कळतं.

आणखी एक. युद्धाच्या शेवटच्या वर्षांतला माल ओबडधोबड असू शकतो, विशेषतः सोव्हिएत आणि जर्मन. बाहेरच्या पृष्ठभागावर कटरच्या रेषा, असमान मुलामा, हे सगळं चालतं. सफाई नाही म्हणून नक्कल, असा निष्कर्ष काढू नका.

स्क्रूवरून काही कळतं का?

थोडंफार. ब्रिटिश आणि अमेरिकी बनावटीत इंची आटे असतात, जर्मन आणि सोव्हिएत बनावटीत मिलीमीटरचे. ब्रिटिश म्हणवणाऱ्या स्कोपमध्ये सगळेच स्क्रू मेट्रिक निघाले, तर विचारायला हवं. चौफुलीच्या खाचेचे स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या मध्यावर आले. युद्धकाळातल्या सोव्हिएत स्कोपवर ते दिसले, तर निदान ते स्क्रू तरी नंतरचे आहेत. एकट्या स्क्रूवर निकाल देऊ नका, कारण शस्त्र-दुरुस्तीवाल्यांनी गेली कित्येक वर्षं हाताला येईल तो स्क्रू बसवलेला आहे.

पीयूच्या इतक्या नकला का सापडतात?

मागणी प्रचंड आणि रचना साधी, म्हणून. पीयू हा ३.५ पट मोठं दाखवणारा छोटा, पोलादी स्कोप. लांबी सुमारे १६९ मिलीमीटर, वजन सुमारे २७० ग्रॅम. तो आधी एसव्हीटी-४० या स्वयंचलित भरणाऱ्या रायफलसाठी आला आणि १९४२ पासून कोचेतोव्ह माउंटवर मोसिन-नागांत ९१/३० या रायफलीवर बसू लागला. युद्धानंतर हजारो मोसिन रायफलींवरून स्कोप काढले गेले आणि माउंटची भोकं बुजवली गेली. पुढे बाजारात आल्यावर लोकांनी याच रायफली पुन्हा नेमबाजाच्या रूपात सजवायला घेतल्या, आणि तितके असली स्कोप शिल्लक नव्हते.

पीयू बघताना लोहचुंबक जवळ ठेवा. नळीला चुंबक चिकटलाच नाही, तर पुढे बघायची गरज नाही. नळीवर हातोडा-विळा, कारखान्याची खूण, साल आणि नंबर असतात. सालाकडे डोकं वापरून बघा: पीयूवर १९३६ किंवा १९३८ असेल, तर ते साल खोटं आहे, कारण तेव्हाचा सोव्हिएत स्कोप पीई होता, तो आकाराने लांब आणि ४ पटीचा. माउंटकडेही दुर्लक्ष करू नका. असली माउंट घडीव पोलादातून कापून काढलेला असतो आणि त्यावर कटरच्या सरळ किंवा वळणदार रेषा दिसतात. नव्या ओतीव माउंटचा पृष्ठभाग आतल्या कोपऱ्यांत बारीक दाणेदार असतो.

रोमानियात आयओआर कंपनीने १९५० च्या दशकात पीयू बनवले. ते सोव्हिएत नाहीत, पण खरे लष्करी स्कोप आहेत. त्यांना नक्कल म्हणणं अन्याय आहे, आणि सोव्हिएत म्हणून विकणं फसवणूक.

रायफल आणि स्कोपचे नंबर जुळत नाहीत. मग नक्कल का?

नंबर न जुळणं म्हणजे जोडी फुटलेली असणं, एवढंच. स्कोप तरीही असली असू शकतो. मोसिनच्या नळीच्या मुळाशी डाव्या अंगाला स्कोपचा नंबर ठोकला जायचा. सोव्हिएत आयुधागारांनी युद्धानंतर रायफली मोठ्या प्रमाणावर दुरुस्त केल्या, तेव्हा जुना नंबर रेघ मारून खोडून नवा घातलेला अनेकदा दिसतो. म्हणजे खोडलेला नंबर हा बऱ्याचदा प्रामाणिक इतिहास असतो. मला तर उलट, एकाही ओरखड्याशिवाय, एकाच वळणाच्या ठशांत, सगळ्या ठिकाणी अगदी बरोबर जुळणारे नंबर दिसले की जास्त तपासावंसं वाटतं.

ब्रिटिश नंबर ३२ बद्दल काय लक्षात ठेवावं?

हा ३ पटीचा स्कोप मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखला होता, पण नाव झालं ते ली-एनफिल्ड नंबर ४ (टी) या नेमबाजांच्या रायफलीवर. याच्या कागदपत्रांची साखळी इतर कोणत्याही स्कोपपेक्षा चांगली टिकली आहे, म्हणून मला तो अभ्यासायला आवडतो. स्कोपचा नंबर रायफलच्या दस्त्याच्या मनगटावर ठोकलेला असतो, रायफलचा नंबर स्कोपच्या ब्रॅकेटवर असतो, आणि स्कोप ठेवायच्या पत्र्याच्या डब्यावरही नंबर असतात. जिथे स्कोप बदलला गेला, तिथे दस्त्यावरचा जुना नंबर खोडून नवा ठोकला जायचा. सप्टेंबर १९४२ च्या आसपास साध्या रायफलींचं नेमबाजांच्या रायफलींत रूपांतर करायचं काम हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या कंपनीकडे गेलं. त्यांच्या हातून गेलेल्या रायफलीच्या दस्त्याखाली एस ५१ हा सांकेतिक शिक्का मिळतो. आधीच्या रायफलींवर आणि कॅनडातल्या लाँग ब्रँच कारखान्याच्या रायफलींवर तो नसतो, हे विसरून काही जण चांगल्या वस्तूला खोटी ठरवतात.

स्कोपवर मार्क १, २ की ३ लिहिलंय, ते ड्रमशी ताडून बघा. मार्क १ च्या वरच्या ड्रमचा एक टप्पा ५० यार्डांचा, आणि आडव्या ड्रमचा २ मिनिटांचा (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). मार्क २ आणि ३ मध्ये टप्पे १ मिनिटाचे झाले. बोटांनी टप्पे मोजत फिरवा. शिक्का मार्क १ चा आणि टप्पे १ मिनिटाचे, असं असेल तर काहीतरी बदललेलं आहे. ड्रमवर मीटरचे आकडे दिसले तर घाबरू नका: १९७० च्या सुमारास मार्क ३ स्कोप ७.६२ मिलीमीटरच्या एल ४२ ए १ रायफलीसाठी बदलून घेतले गेले. त्यांना एल १ ए १ म्हणतात आणि ते पूर्ण असली असतात.

जर्मन स्कोपवर गरुड आणि एसएसच्या खुणा आहेत. म्हणजे नक्कीच दुर्मीळ ना?

जितक्या ठळक खुणा, तितका संशय वाढवा. एसएस या नाझी दलाच्या खुणा हा बनावट माल करणाऱ्यांचा सगळ्यात आवडता प्रकार आहे, कारण त्याने किंमत कित्येक पटींनी वाढते. युद्धकाळातल्या जर्मन लष्करी स्कोपवर बहुधा कंपनीचं नाव नसून तीन अक्षरांचा संकेत असतो: सीएक्सएन म्हणजे राथेनोची एमिल बुश, सीएजी म्हणजे वाटेन्सची स्वारोव्स्की, डीडीएक्स म्हणजे फोग्टलेंडर, बीएमजे म्हणजे वेट्झलारची हेन्सोल्ट. संकेत आणि मॉडेल एकमेकांना शोभले पाहिजेत. झेडएफ ४१ हा फक्त १.५ पटीचा, डोळ्यापासून लांब बसणारा छोटा स्कोप, तो केएआर ९८ के या जर्मन रायफलीच्या मागच्या साइटच्या पट्टीवर बसतो. डोळा अगदी जवळ नेल्यावरच पूर्ण चित्र दिसत असेल, तर तो झेडएफ ४१ असूच शकत नाही. नेमबाजांच्या ४ पटीच्या कित्येक स्कोपांवर मात्र झाइस, हेन्सोल्ट वगैरेंची व्यापारी नावंच आहेत, कारण सैन्याने ते शिकारीच्या बाजारातूनच उचलले होते. काही स्कोपवर केएफ असं लिहिलेलं असतं, ते कडक थंडीत न गोठणाऱ्या ग्रीससाठी.

जपानी स्कोपला ड्रमच नाहीत. हे काय खेळणं आहे का?

नाही, तो असाच असतो. टाइप ९७ रायफलीच्या स्कोपवर २.५×१०° असं कोरलेलं असतं: २.५ पट आणि १० अंशांचं दृश्य. सुरुवातीच्या जपानी स्कोपना बाहेरून जुळवायची सोयच नव्हती. अंतर आणि वाऱ्याचा अंदाज नेमबाजाने रेटिकलवरच्या रेघांवरून घ्यायचा असे. स्कोप एका ठराविक रायफलीसाठीच जुळवलेला असल्याने तिचा नंबर त्यावर कोरलेला मिळतो. सुरुवातीच्या टाइप ९७ च्या स्कोपवर कोणी ड्रम बसवून दिले असतील, तर नंतर केलेला उद्योग समजा.

अमेरिकी स्कोपमध्ये सगळ्यात मोठा सापळा कुठला?

वीव्हर ३३०. हा साधा बाजारातला शिकारी स्कोप, नळी फक्त पाऊण इंचाची, म्हणजे सुमारे १९ मिलीमीटर. रेमिंग्टनच्या एम १९०३ ए ४ रायफलीसाठी सैन्याने तो घेतला आणि एम ७३ बी १ असं नाव दिलं. नागरी ३३० आजही बऱ्यापैकी मिळतात, आणि त्यांवर एम ७३ बी १ कोरून विकले जातात. इथे वर सांगितलेलं अक्षर-परीक्षण अगदी बारकाईने करावं लागतं. गंमत अशी की सैन्याला पुरवलेल्या काही स्कोपांवर ३३० सी हीच व्यापारी खूण होती, म्हणजे नुसती लष्करी खूण नसणं हाही दोष नाही.

एम १ डी रायफलीवरचा एम ८४ हा २.२ पटीचा, सात-अष्टमांश इंच नळीचा स्कोप आहे. कॅलिपरने नळी मोजली, तर २२.२ मिलीमीटर यायला हवी. एक इंची नळी निघाली, तर पुढे वाचायची गरज नाही.

जुन्या स्कोपचं रेटिकल रात्री लखलखतं. छान टिकलाय म्हणायचा का?

हिशेब करा. युगोस्लाव्हियाच्या झ्राक कंपनीचा ओएन-एम ७६ किंवा ब्रिटिश सूट (एसयूआयटी) या स्कोपांत रेटिकलचा उजेड ट्रिशियम या किरणोत्सर्गी वायूवर चालतो, आणि ट्रिशियमचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मा वायू उरायला लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षं आहे. म्हणजे ४९ वर्षांनंतर मूळच्या वायूचा सोळावा हिस्सा उरतो. त्यात आतला चमकणारा लेपही जुना होतो, म्हणून प्रत्यक्षात उजेड त्याहून मंद. १९७० च्या दशकातला स्कोप झगझगत असेल, तर आतली वायूची कुपी नंतर बदलली आहे. ते वाईट नाही, पण मग "कधीच न उघडलेला" हा दावा खोटा ठरतो. कुपी स्वतः उघडायच्या फंदात मात्र पडू नका.

सोव्हिएत ड्रागुनोव्ह रायफलीच्या पीएसओ-१ स्कोपचं तसं नाही, त्याचा दिवा बॅटरीवर चालतो. सुरुवातीच्या पीएसओ-१ मध्ये शत्रूची इन्फ्रारेड बत्ती दिसावी म्हणून एक खास पडदाही असायचा. रेटिकलवर डाव्या बाजूला खालच्या अंगाला अंतर मापायची वक्ररेघ असते, ती १.७ मीटर उंचीच्या माणसासाठी आखलेली आहे. बेलारूसमध्ये बनणारे पीओएसपी दिसायला तसेच असतात, पण ते नागरी बाजारासाठीचे.

फक्त फोटोवरून घ्यायचा असेल तर कोणते फोटो मागवायचे?

कोऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात काढलेले. दोन्ही लेन्सचे तिरक्या कोनातून, दिव्याच्या प्रतिबिंबासकट. प्रत्येक अक्षरसमूहाचा जवळून, आडव्या उजेडात. ड्रम वरून आणि बाजूने. आतून दिसणारं रेटिकल, ड्रम दोन्ही टोकांना असताना. कडं काढल्यावर खालची नळी. वजनकाट्यावर ठेवलेला स्कोप. विकणारा यातले दोन फोटो देऊन बाकीच्यांसाठी टाळाटाळ करू लागला, तर सौदा तिथेच सोडा. "आजोबांनी युद्धातून आणला" हे वाक्य खरं असू शकतं, पण त्याला स्वतंत्र किंमत देऊ नका. त्या काळचं पत्र, फोटो किंवा नंबर लिहिलेली पावती असेल तर गोष्ट वेगळी.

प्रतिकृती घेऊन मैदानात वापरायची आणि असली कपाटात जपायची, असं करणारे संग्राहक मला शहाणे वाटतात. धक्के बसून जुना डिंक सुटतो, आणि तो पुन्हा मूळच्या पद्धतीने चिकटवणारे कारागीर फार थोडे आहेत.

शंका फिटावी म्हणून उघडून, साफ करून बघू का?

उघडू नका. आतल्या कड्या खास पान्याशिवाय फिरत नाहीत, खाचा फाटतात, आणि एकदा फाटलेली खाच प्रत्येक पुढच्या खरेदीदाराला दिसते. बाहेरून मऊ ब्रशने धूळ काढा, लेन्सवर फुंकणी मारा आणि मगच लेन्सचं कापड हलक्या हाताने फिरवा. ॲसिटोन, थिनर, गंज घालवायची औषधं यांपासून लांब राहा. अक्षरांतला जुना पांढरा रंग त्याने पहिल्याच पुसण्यात निघून जातो आणि तो परत भरता येत नाही. गंज वाढत असेल, तर हलक्या तेलाचा थेंब कापसावर घेऊन फक्त त्या डागावर लावा आणि तेल काचेच्या कडेला जाणार नाही हे बघा.